काम माझं, पण दाखवायचं नाही?

रात्री साडेअकराला माझ्या पोर्टफोलिओवर, म्हणजे मी केलेली डिझाइनची कामं दाखवायच्या वेबसाईटवर, अपलोड केलं आणि झोपले. अकरा महिने ज्या ॲपवर डोळे फोडले होते त्याची केस स्टडी, बत्तीस स्क्रीन, आधीचं नंतरचं, रंग कसे ठरले, आयकॉन कसे बदलत गेले, सगळं नीट मांडून, दोन आठवडे तर नुसतं ते पान बनवण्यात गेले होते. तिसऱ्या दिवशी मेल आला. दोन ओळींचा. चोवीस तासांत पान काढा, कराराचा भंग होतोय, खाली लीगल टीम. आणि ज्या माणसाशी मी वर्षभर रोज बोलत होते, जो म्हणायचा "तुम्ही तर आमच्यातल्याच आहात मॅडम", तो सीसीमध्ये होता आणि गप्प होता.

आधी चिडले अर्थातच. लांबलचक उत्तर टाईप केलं, त्यात "हे माझं काम आहे" हे वाक्य चार वेळा होतं, नशीब पाठवलं नाही. माझी एक मैत्रीण वकील आहे तिला फोन लावला, तिला सगळं रामायण ऐकवलं, ती शांतपणे म्हणाली, "अगं ते सगळं ठीक आहे, सही कशावर केली होतीस ते सांग आधी." आणि मला आठवेना. म्हणजे सही केलेली आठवत होती, कशावर केली ते नाही. काम मिळाल्याच्या आनंदात चौदा पानांच्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर सही मारून अर्ध्या तासात परत पाठवली होती, ॲडव्हान्स लवकर यावा म्हणून.

फाईल शोधली. सहाव्या पानावर दोन क्लॉज होते. एकात लिहिलेलं की या कामातले सगळे हक्क कंपनीचे. दुसऱ्यात, की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय या प्रोजेक्टबद्दल कुठेही काही प्रसिद्ध करायचं नाही. मला वाटलं पहिल्यानेच माझा गळा आवळलाय. मैत्रीण म्हणाली, दुसऱ्याने. पहिला नसता आणि दुसरा असता तरी तू पान काढलंच असतंस.

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. आपण डिझायनर लोक एकमेकांत बोलतो तेव्हा सगळं भांडण कॉपीराइटवर येऊन थांबतं, "कॉपीराइट कुणाचा? मग तो दाखवणार", संपलं. पण हे तीन वेगळे प्रश्न आहेत, मालकी कुणाची, नाव कुणाचं, आणि गुपित किती. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि पोर्टफोलिओचं गाडं बहुतेक वेळा तिसऱ्यावर अडतं, ज्याच्याकडे आपण बघतच नाही.

तरी मालकीचं आधी सांगते कारण तिथे गैरसमज फार आहेत, दोन्ही बाजूंनी. क्लायंटला वाटतं पैसे दिले म्हणजे सगळं माझं. आपल्याला वाटतं हाताने केलं म्हणजे सगळं माझं. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १७ मध्ये सरळ म्हटलंय की ज्याने काम निर्माण केलं तो पहिला मालक. मग अपवाद येतात. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं. आणि पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एन्ग्रेव्हिंग किंवा फिल्म ही काढून घेणाऱ्याची, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे फ्रीलान्सर म्हणून लोगो केला तर तो करार होईपर्यंत तुमचा, पण कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं तर ते पहिल्या दिवसापासून त्यांचं. इलस्ट्रेशन करणाऱ्यांनी हे जरा थांबून वाचा.

ब्रिटनमध्ये १९८८ चा कायदा आहे, तिथेही नोकराचं काम मालकाचं आणि बाहेरून करून घेतलेलं काम करणाऱ्याचं, लिहून दिलं नाही तोवर. गंमत म्हणजे त्याआधीच्या १९५६ च्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेले फोटो आणि पोर्ट्रेट काढून घेणाऱ्याचे असायचे, तो नियम त्यांनी नंतर काढून टाकला, आपल्याकडे राहिला.

अमेरिकेतलं प्रकरण जास्त मजेशीर आहे. "वर्क फॉर हायर", म्हणजे जे पहिल्यापासून करून घेणाऱ्याच्याच मालकीचं धरतात असं काम, हा शब्द आपण तिकडूनच उचललाय आणि जगभरच्या करारांत तो डोळे मिटून चिकटवलेला असतो. तिथे १९७६ च्या कायद्यात बाहेरच्या माणसाचं काम वर्क फॉर हायर व्हायचं तर ते नऊ ठरावीक प्रकारांपैकी एक असावं लागतं, आणि दोघांच्या सहीचा कागद लागतो. त्या नऊ प्रकारांत भाषांतर आहे, नकाशांचं पुस्तक आहे, परीक्षेचा पेपर आहे, त्या पेपरची उत्तरंसुद्धा आहेत. लोगो नाही. पॅकेजिंग नाही. ॲपची स्क्रीन नाही. म्हणूनच हुशार वकील पुढे एक वाक्य जोडतात की हे वर्क फॉर हायर आहे, आणि नसलंच तर डिझायनर सगळे हक्क याद्वारे कंपनीला देत आहे. दार लावलं आणि वर खिडकीला पण कडी. हे "आणि नसलंच तर" तुमच्या करारात आहे का बघा एकदा, मी जुने करार उघडून बघितले तेव्हा बहुतेकांत सापडलं.

याच विषयावरची सगळ्यात गाजलेली केस एका शिल्पकाराची आहे. जेम्स अर्ल रीड. वॉशिंग्टनमधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १९८५ मध्ये त्याच्याकडून एक शिल्प करून घेतलं, कल्पना त्यांची, सूचना त्यांच्या, पैसे त्यांचे, आणि कॉपीराइटबद्दल दोघांपैकी कुणीच अवाक्षर काढलं नव्हतं. पुढे शिल्प गावोगावी फिरवायचं ठरलं तर रीड म्हणाला ते एवढा प्रवास झेपणारं नाही, आणि तिथून ठिणगी पडली. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो नोकर नव्हता. स्वतःची हत्यारं, स्वतःचा स्टुडिओ, दोन महिन्यांपेक्षा कमी दिवसांचं काम, मदतनीस कुणाला घ्यायचं ते त्याचा तो ठरवणार, पगारातून कापतात तसा टॅक्स कापलेला नाही. नोकर नाही म्हणजे वर्क फॉर हायर नाही. (संस्थेचा त्या निर्मितीत वाटा होता का हा प्रश्न मात्र कोर्टाने खालच्या कोर्टाकडे परत पाठवला, म्हणजे "रीड जिंकला" असं सरसकट लिहिलेलं दिसतं ते अर्धवट आहे.) मला या केसमध्ये सगळ्यात ओळखीचं काय वाटलं सांगू? कुणीच काही बोललं नव्हतं. दोघेही चांगल्या मनाने कामाला लागले होते. अगदी आपल्यासारखं.

आता कुणी म्हणेल वा, म्हणजे काम माझंच. हो, सही करेपर्यंत. आणि आपण सही करतो. त्यात चूक काही नाही, ज्याने ब्रँड उभा करायचाय त्याला उद्या डिझायनर उठून "माझा लोगो परत द्या" म्हणणार नाही ना याची खात्री हवीच, मी त्यांच्या जागी असते तर मीही मागितली असती. फक्त ती सही म्हणजे व्यवहार आहे हे लक्षात ठेवायचं. भारतात तोंडी "घ्या, सगळं तुमचंच" म्हटल्याने कॉपीराइट जात नाही, कलम १९ प्रमाणे लेखी लागतं, सही लागते, आणि कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी मालकी देताना एकच अट घालते, पूर्ण पैसे आल्यावर मालकी जाईल, फायनल फाईल गेल्यावर नाही. यावर आजपर्यंत एकाही चांगल्या क्लायंटने हरकत घेतलेली नाही, आणि ज्या एकाने घेतली त्याचे शेवटचे पैसे अजून यायचेत.

मग नावाचं. इथे मला वाटलं होतं आपण सुटलो. कारण कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार, १८८६ चा, त्यात १९२८ साली रोमला सुधारणा झाली तेव्हा एक कलम आलं की कॉपीराइट विकून टाकला तरी "हे मी केलंय" म्हणण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. भारतात तेच कलम ५७. मी मैत्रिणीला आनंदाने सांगितलं, सापडलं! ती म्हणाली खालचं स्पष्टीकरण वाच. वाचलं. तिथे लिहिलंय की काम प्रदर्शित केलं नाही, किंवा कर्त्याचं समाधान होईल असं प्रदर्शित केलं नाही, तर तो या हक्कांचा भंग धरला जाणार नाही. म्हणजे मी म्हणू शकते हे मी केलं. पण ते दाखवलं जावं असा आग्रह या कलमाच्या जोरावर धरता येत नाही. नाव सांगणं आणि चित्र दाखवणं या दोन गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं एकच समजत होते.

आणि हा नावाचा हक्कसुद्धा सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत तर कर्त्याचा मूळ हक्क विकताच येत नाही, वापरण्याची परवानगी तेवढी देता येते. ब्रिटनमध्ये तो हक्क आहे पण तुम्हाला तो आधी लेखी बजावावा लागतो, आणि लेखी सोडूनही देता येतो, म्हणून तिकडच्या करारांत "मॉरल राइट्स (म्हणजे हेच नावाचे वगैरे हक्क) सोडत आहे" हे वाक्य हमखास असतं. शिवाय टाइपफेसच्या डिझाइनला नावाचा हक्क तिथे लागूच नाही, फॉन्ट करणाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. अमेरिकेत १९९० मध्ये चित्रकार शिल्पकारांसाठी असा कायदा झाला, पण त्यातून पोस्टर, जाहिरात, पॅकेजिंग, मासिकं, वापराच्या वस्तू हे सगळं नाव घेऊन बाहेर काढलं. थोडक्यात आपला अख्खा धंदाच बाहेर.

तरी नावाची ताकद कमी नाही. अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझरचं "आय लव्ह न्यूयॉर्क", तो हार्टवाला लोगो, त्याने पैसे न घेता करून दिला, त्याचे हक्क न्यूयॉर्क राज्याकडे आहेत, पण तो कुणी केला हे विचारल्यावर राज्याचं नाव कुणी घेत नाही. आणि टॅक्सीत बसून एका पाकिटावर लाल खडूने खरडलेलं त्याचं पहिलं रेखाटन न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. मालकी एकीकडे, नाव दुसरीकडे, आणि कच्चं रेखाटन तिसरीकडे.

हे कच्च्या रेखाटनाचं आपण फारच कमी वापरतो. क्लायंट सही करून घेतो ती बहुतेक वेळा फायनल कामावर. नाकारलेले चार पर्याय, वहीतली खरडपट्टी, सुरुवातीचे रंगांचे प्रयोग, यांचं काय हे करारात लिहिलेलंच नसतं, किंवा लिहिलं तर "सर्व काही" असं लिहिलेलं असतं आणि आपण वाचत नाही. मी आता स्पष्ट लिहिते की निवडलेला पर्याय तुमचा, बाकीचे माझे. अमेरिकेतली एआयजीए म्हणून डिझायनरांची जुनी संघटना आहे, १९१४ ची, त्यांच्या नमुना करारातही असंच आहे, प्राथमिक काम डिझायनरकडे राहतं, आणि तयार काम पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्कही डिझायनर स्वतःकडे ठेवतो. भारताच्या कायद्यात तर कलम ५२ मध्ये कर्त्यासाठी एक छोटी सवलतच आहे, कॉपीराइट आपला नसला तरी त्या कामासाठी स्वतः केलेले साचे, स्केच, प्लॅन, मॉडेल वापरता येतात, मूळ कामाचं मुख्य डिझाइन पुन्हा उतरवायचं नाही एवढीच अट. अर्थात गुपिताची सही केली असेल तर ही सवलत तुमच्या मदतीला धावून येत नाही. परत तिथेच आलो बघा.

तर गुपित. एनडीए, म्हणजे गुपित ठेवण्याचा करार, म्हटलं की आपल्याला वाटतं मोठ्या कंपन्यांचं काहीतरी नवीन प्रॉडक्ट असणार. तसं असतं तेव्हा सोपंच असतं खरं तर, लाँच व्हायच्या आधी दाखवायचं नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. अवघड असतात ते बाकीचे. लाँच होऊन दोन वर्षं झाली, ॲप कुणीही डाउनलोड करून तेच बत्तीस स्क्रीन बघू शकतं, तरी मी दाखवायचे नाहीत. असं का? मी नंतर, राग गेल्यावर, त्या सीसीवाल्या गप्प माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, स्क्रीन दाखवल्याचं कुणाला काही नाही. तुम्ही खाली लिहिलंत की आधी इतके लोक अर्ध्यात सोडून जात होते आणि नंतर एवढे कमी झाले. तो आकडा आमचा होता." आणि ते खरं होतं. मला तो आकडा माझ्या कामाची शाबासकी वाटत होता, त्यांना तो धंद्याचा आतला आकडा होता. ॲपमध्ये तो दिसत नाही, माझ्या पानावर दिसत होता. त्यांनी पूर्ण पान काढायला लावलं, मी आधी विचारलं असतं तर कदाचित फक्त तो आकडा काढून भागलं असतं.

स्क्रीनशॉटचं आणखी एक. एकदा मी एका डॅशबोर्डचं पान तयार केलं होतं आणि टाकायच्या आधी सहज झूम करून बघितलं तर टेबलमध्ये खऱ्या माणसांची नावं आणि फोन नंबर होते, टेस्टिंगला कुणीतरी खरा डेटा भरला होता. अंगावर काटा आला. इथे क्लायंटची परवानगी असून उपयोग नाही, ती माणसं तिसरीच, त्यांनी कुठे परवानगी दिलीये? युरोपात २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा, लागू आहे, असा डेटा उघडा पडला तर क्लायंटला उत्तर द्यावं लागतं आणि तो ते तुमच्याकडे मागणार. तेव्हापासून दाखवायच्या स्क्रीन मी मुळातूनच खोट्या डेटाने परत बनवते. ब्लर करत नाही, ब्लर केलेलं वाचून काढणारे लोक असतात.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एजन्सीमार्फत आलेलं काम. एजन्सीचा क्लायंट कुणीतरी बडा, त्यांना वाटतं सगळं एजन्सीच्या टीमने केलंय, आणि ती टीम म्हणजे घरी लॅपटॉप घेऊन बसलेली मी. इथे तुमचा क्लायंट एजन्सी आहे, तो बडा ब्रँड नाही. ब्रँडच्या मॅनेजरने कौतुकाने "हो हो दाखवा की" म्हटलं तरी त्याने काही होत नाही कारण करार एजन्सीशी आहे, आणि एजन्सीने ब्रँडशी काय करार केलाय तो तुम्ही कधी बघणारच नाही. मी तीन वर्षं एका एजन्सीसाठी असं काम केलं, चांगले पैसे मिळाले, आणि तीन वर्षांनी पोर्टफोलिओ उघडला तर त्यात तीन वर्षांचा खड्डा. नवीन क्लायंट विचारतो एवढ्यात काय केलं? काय सांगणार, गवत उपटत होते? तो खड्डा हाच त्या कामाचा खरा खर्च होता आणि तो मी कोटेशनमध्ये कधी धरलाच नव्हता.

म्हणून माझं आताचं म्हणणं असं की पोर्टफोलिओची परवानगी हा मेहेरबानीचा विषय नाही, रेटचा विषय आहे. कोटेशनमध्येच खालची ओळ असते माझ्या, जशीच्या तशी उचला हवी तर: "काम सार्वजनिक झाल्यानंतर डिझायनरला त्यातले निवडक भाग स्वतःच्या पोर्टफोलिओत, सोशल मीडियावर व स्पर्धांसाठी, आपल्या भूमिकेच्या उल्लेखासह दाखवता येतील, कंपनीचे आकडे, ग्राहकांची माहिती व अप्रकाशित भाग यात येणार नाहीत." आणि त्याखाली, हे काम पूर्णपणे गोपनीय ठेवायचं असल्यास दर वेगळा राहील. बस. भांडण नाही काही नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थरथरत होते, वाटलं क्लायंट पळणार. एका बाईंनी फोन केला, "अहो हे काय, नाव लपवायचे जास्त पैसे?" मी म्हटलं, "मॅडम, हे काम बघून मला पुढची दोन कामं मिळतात, ती मिळणार नसतील तर त्याचं काहीतरी धरायला नको का?" त्या दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "मग दाखवा हो, आम्हाला काय फरक पडतो." बहुतेकांना खरंच फरक पडत नसतो, तो क्लॉज त्यांच्या वकिलाने कुठल्यातरी जुन्या करारातून उचललेला असतो, त्यांनीही तो वाचलेला नसतो.

परवानगी मागायची वेळ मात्र महत्त्वाची. सुरुवातीला मागितली तर ती अट असते, शेवटी मागितली तर विनंती. आणि सुरुवातीला राहूनच गेलं असेल तर लाँचच्या आठवड्यात मागा, तेव्हा सगळे खुशीत असतात. सहा महिन्यांनी मागाल तर ज्याच्याशी बोलत होता तो नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेला माणूस, ज्याला तुम्ही कोण तेही माहीत नाही, तो सुरक्षित उत्तर देतो, ते म्हणजे नाही. मेलवर घ्या, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला त्यावर विसंबू नका, आणि तो मेल पीडीएफ करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. मागताना "माझं काम दाखवू का?" असं मोघम विचारायचं नाही, तयार पानाची लिंक पाठवायची, हे असं दिसेल, काही खटकलं तर सांगा. समोर वस्तू असली की माणूस वस्तूतल्या चुका काढतो, मुळात नको म्हणत नाही.

पासवर्ड लावून ठेवलेल्या पानाबद्दल बरेच जण विचारतात. पासवर्डने गुपित सुटत नाही. ज्याला पासवर्ड दिला त्याला तुम्ही दाखवलंच ना. करारात "कुणालाही उघड करू नये" असेल तर झूमवर स्क्रीन शेअर करून पाच मिनिटं दाखवणं हेही उघड करणंच. लोक सर्रास करतात, मीही केलंय, पण ते चालतं म्हणून करतो, हक्क आहे म्हणून नाही, एवढं माहीत असावं. आणि मुलाखत घेणारा जर शहाणा असेल तर तो मनात नोंद करतो की ही बाई उद्या आमचंही असंच दुसऱ्याला दाखवेल.

अजून एक राहिलं, दुसऱ्यांचं काम. माझ्या एका ब्रोशरच्या पानावर सगळ्यात आधी नजर जायची ती फोटोवर, आणि फोटो माझा नव्हता. फोटोग्राफरने मेसेज केला, अगदी नम्रपणे, की क्लायंटला मी छापायची परवानगी दिली होती, तुम्हाला नाही. बरोबर होतं त्याचं. स्टॉक फोटोचं लायसन्स क्लायंटच्या नावावर असतं, फॉन्टचंही. तेव्हा मी नाव टाकलं, परवानगी घेतली, मिटलं. पण त्याच महिन्यात मला मी डिझाइन केलेली वेबसाईट दुसऱ्याच्या पोर्टफोलिओत दिसली, ज्याने ती कोड केली होती त्याच्या, आणि वर मोठ्या अक्षरात "डिझाइन". राग आला, मग माझीच पानं तपासली तर तीन ठिकाणी मी पण नुसतं "डिझाइन" लिहिलं होतं जिथे आयकॉन दुसरीने केले होते आणि मजकूर तिसऱ्याने. आता प्रत्येक पानावर पहिली ओळ कुणी काय केलं ही असते. आणि क्लायंटचे लोगो ओळीत लावून वर "आमच्यावर यांचा विश्वास" वगैरे लिहायचं मी बंद केलंय, काम दाखवायची परवानगी म्हणजे त्यांचा ट्रेडमार्क आपल्या जाहिरातीत वापरायची परवानगी नव्हे.

त्या ॲपचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पान मी त्याच दिवशी काढलं, चोवीस तास वाट न बघता, आणि मग मेल केला की काढलंय, आता सांगा काय काय ठेवता येईल. उत्तर यायला पाच आठवडे लागले. कंपनीचं नाव नाही, आकडे नाहीत, तयार स्क्रीन नाहीत, वहीतली रेखाटनं आणि नाकारलेले पर्याय ठेवा म्हणाले. तेवढंच ठेवलं. "आरोग्य क्षेत्रातलं एक ॲप" असं शीर्षक, खाली पेन्सिलने काढलेले सात आयकॉन आणि ते का नाकारले गेले याबद्दल दोन परिच्छेद. गंमत म्हणजे गेल्या वर्षात ज्या दोघांनी माझ्याकडे पहिल्यांदा विचारणा केली त्या दोघांनी याच पानाचं नाव घेतलं.

मागच्या आठवड्यात एक नवीन काम आलं. करार आला, यावेळी चहा घेऊन बसले आणि चौदाच्या चौदा पानं वाचली (यांचाही चौदाच पानांचा निघाला, हा काय योगायोग). माझी ती ओळ त्यांनी काढली नव्हती. लाल अक्षरात समोर फक्त एवढंच लिहिलं होतं, लाँचनंतर सहा महिन्यांनी दाखवलं तर चालेल का? मी लिहिलं, तीन. चारवर ठरलं.